पश्चिमेची ९ फुटी खिडकी : कोणते ब्लाइंड्स घ्यावेत?

जुळे सोलापूर, दुसरा मजला. हॉलची खिडकी ९ फूट रुंद, ५ फूट उंच. तीन ट्रॅकची स्लायडिंग, दोन काचा आणि एक जाळी. तीननंतर ऊन थेट सोफ्यावर. दुकानदार एकसंध रोलर (पाइपवर गुंडाळलं जाणारं कापड) म्हणतोय, घरात झेब्रा (जाळीच्या आणि जाड पट्ट्या आलटून पालटून असलेलं दुहेरी कापड) आवडलंय. संध्याकाळी वाराही हवा. काय घ्यावं?

गजमाप : एकसंध नको. एवढ्या लांबीला हलका पाइप मधोमध झोळ खातो, कापडावर तिरक्या चुण्या येतात, मग गुंडाळताना ते एका बाजूला सरकतं आणि कड ब्रॅकेटला घासून उसवते. साडेचार फुटांचे दोन करा. कापड ब्रॅकेटपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे दोघांच्या मधे तीन-चार सेंटिमीटरची उन्हाची फट राहणारच. दोन्ही काचा बंद असताना चौकटी मधोमध एकमेकींवर येतात ना, फट बरोबर त्या पट्टीसमोर आणा. साखळ्या दोन्ही टोकांना, मधे नकोत.

उन्हाळी : झेब्रा पश्चिमेला नको, असं माझं मत. बंद केलं तरी पट्ट्यांच्या कडांतून उजेडाच्या रेघा येतात, आणि आपल्याकडची धूळ दुहेरी कापडात बसली की पुसताना जीव जातो. ३ टक्के उघडीपचं (म्हणजे विणीत तेवढीच मोकळी छिद्रं असलेलं) सनस्क्रीन कापड बघा, बाहेरची बाजू पांढरी. पण रात्री आत दिवा लागला की समोरच्या गच्चीवरून सगळं दिसतं; तेवढ्यासाठी मागे साधा पडदा ठेवा.

धागाकर्ता : उकाडा कमी होईल ना? माप चौकटीच्या आतलं द्यायचं की बाहेरचं?

उन्हाळी : डोळ्यांवरची तिरीप जाईल, उकाडा थोडाच. ऊन काचेतून आत आलं की ब्लाइंड तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर बांबूची चिक टाकली तर खरा फरक. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला फारसं ऊन लागत नाही, मार पश्चिमेलाच.

गजमाप : खोलीतच, पण चौकटीच्या बाहेर भिंतीवर बसवा. दोन्ही बाजूंना ४-४ इंच आणि वर ६ इंच जादा धरा. चौकटीच्या आतच हवं असेल तर रुंदी वर, मधे, खाली मोजून सगळ्यात कमी आकडा द्या. ग्रॅनाइटची चौकट क्वचितच काटकोनात असते. स्क्रू पीओपीच्या पेल्मेटमध्ये नकोत, लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिलने भोक पाडून प्लगमध्ये घ्या. साधं ड्रिल तिथे नुसतं फिरतं.

धागाकर्ता : आणि वाऱ्याचं?

गजमाप : खिडकी उघडी असताना रोलर पूर्ण खाली सोडू नका, शिडासारखा फुगतो आणि ब्रॅकेट हलतात. फूटभर वर घ्या. रोजच वारा घ्यायचा असेल तर दोन्ही कडांना ताणलेली तार बसवणारा प्रकार मागा. व्हर्टिकल (उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स) रुंद खिडकीला छान, पण वाऱ्यात पट्ट्या आपटतात आणि खालची बारीक साखळी आधी तुटते.