आनुवंशिक, जन्मजात की जनुकीय? ओठ, टाळू आणि जबड्याच्या दोषांसाठी नेमका शब्द

धंतोलीकर:
पालकांना वाटायच्या एका माहितीपत्रकाचं मराठी तपासून राहिलो. त्यात वाक्य आहे, ‘दुभंगलेला ओठ व टाळू हा अनुवंशिक आजार आहे.’ पत्रक नागपूरच्या आसपासच्या खेड्यांतल्या आईबापांच्या हाती जाणार. ठेवावं का हे वाक्य?

महालवाला:
अनुवंश + इक, म्हणून आनुवंशिक. समाजचं सामाजिक होतं तसंच. ‘आजार’ही काढा, इथे ‘दोष’ म्हणा.

दंतचर्चा:
शुद्धलेखन सुधारलं तरी वाक्य चूकच राहतं भाऊ. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेलं, कारण काहीही असो. जनुकीय म्हणजे जनुकातल्या बदलामुळे झालेलं. आनुवंशिक म्हणजे आईबापाकडून आलेलं. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम घ्या. त्यात गालाची हाडं आणि खालचा जबडा लहान राहतो, बहुतेकदा टीसीओएफ1 या जनुकातल्या बदलामुळे. सुमारे 60 टक्के मुलांत तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईबापात नसतो. दोष जन्मजात आहे, जनुकीय आहे, पण वारशाने आलेला नाही. त्या मुलाच्या पुढच्या प्रत्येक अपत्याला मात्र तो जाण्याची शक्यता 50 टक्के.

आता ओठ-टाळू. नाकाकडून आणि वरच्या जबड्याकडून वाढणारे उंचवटे गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळतात, तो वरचा ओठ. टाळूचे दोन पडदे सुरुवातीला जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होऊन मधोमध सांधतात. हे काम बाराव्या आठवड्यापर्यंत उरकतं. खालचा जबडाच वाढला नाही तर जीभ वर अडकून राहते, पडदे भेटत नाहीत आणि रुंद, गोलसर फट राहते. पिएर रॉबिन म्हणतात ते हेच. अशा बाळाची जीभ मागे पडून श्वास अडतो, म्हणून त्याला उताणं न ठेवता पोटावर किंवा कुशीवर ठेवतात, तेही दवाखान्यात, देखरेखीखाली.

बहुतेक फटींना एकच कारण नसतं. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, त्यात आईचं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, व्हॅल्प्रोएटसारखं फिटचं औषध. (हे औषध मनाने बंद करू नये, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.) आईबाप दोघांना फट नाही आणि एका मुलाला आहे, तर पुढच्या मुलात शक्यता साधारण 3 ते 5 टक्के. पण मुलाच्या, आईच्या किंवा बापाच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे दिसले तर व्हॅन डर वूड सिंड्रोमचा संशय घ्यायचा. तो बहुधा आयआरएफ6 जनुकाचा असतो, आणि आईबापापैकी एकात तो असेल तर पुढच्या मुलात तो जाण्याची शक्यता थेट 50 टक्क्यांवर जाते. नुसतं ‘आनुवंशिक’ लिहिलं की 3 आणि 50 मधला फरक बुडतो, आणि खापर फुटतं सुनेच्या माहेरावर.

धंतोलीकर:
ग्रहणाचं लिहावं का?

दंतचर्चा:
लिहाच. एवढंच, की ओठ सातव्या आठवड्यातच जुळून झालेला असतो. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणात विळी हातात घेतल्याने तो फाटणार कसा?

वर्धारोड:
‘टाळू’कडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तान्ह्या बाळाची टाळू म्हटलं की आपल्याकडे डोक्यावरची, तेल जिरवायची टाळू डोळ्यांपुढे येते. ती साधारण दीड वर्षात आपोआप भरते. ‘टाळू उघडी आहे’ ऐकून घरचे म्हणतात, भरेल हळूहळू. तोंडातली टाळू भरत नाही, आणि तिच्या ऑपरेशनचा काळ 9 ते 18 महिन्यांचा. तेवढ्यात तो निघून जातो आणि बोलणं गेंगाणं राहतं. म्हणून दर वेळी ‘तोंडातली टाळू’ लिहा. शेजारीच दूध पाजायचं सांगा. तोंड आणि नाक एक झाल्याने बाळाला ओढ घेता येत नाही, म्हणून अर्धवट बसतं धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडंथोडं पाजायचं, मधेमधे ढेकर काढायचा. फट वरून दिसत नसली तरी पडजीभ दुभंगलेली असेल तर आतले स्नायू जुळलेले नसू शकतात. तेही गेंगाण्या बोलण्याचं एक कारण.

दंतचर्चा:
हे महत्त्वाचं. ‘आनुवंशिक’ जिथे चपखल बसतो तेही सांगतो: घाम न येणारा एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. दात मोजकेच आणि सुळ्यासारखे टोकदार, केस विरळ, घामाच्या ग्रंथी जवळपास नाहीत. नेहमीच्या प्रकारात बदल एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आईकडून मुलग्यात उतरला तर पूर्ण दिसतो. आईचे एकदोन दात कमी असतात इतकंच. सिंधमधल्या एका कुटुंबात चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांत हेच दिसल्याचं डार्विनने 19व्या शतकात नोंदवलंय. नागपूरच्या मे महिन्यात हे मूल दातांपेक्षा तापाने आधी दवाखान्यात येतं, आणि त्या तापावर गोळी नव्हे, ओलं कापड आणि कूलर लागतो. दोन-अडीच वर्षांचं झालं तरी दात नाहीत आणि अंग कोरडं, तर दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या.

इतवारी:
उलटं उदाहरण माझ्याकडून. ‘बापाचं तोंड उघडत नाही, पोराचंही नाही, खानदानीच आहे.’ खानदानी नाही, खर्रा आहे, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी. सुपारीतलं अरेकोलिन तंतूपेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं, तिच्यातलं तांबं ते धागे पक्के बांधणारं विकर (एन्झाइम) वाढवतं, टॅनिन ते मोडू देत नाही. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होतं. सुरुवात सावजी रस्सा झोंबण्यापासून होते. पुढे स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत. पुढच्या दातांमधलं अंतर 35 मिलिमीटरच्या आत आलं की दाखवायचंच, कारण याच अस्तरात पुढे कॅन्सर होऊ शकतो. याला ‘जबडा आखडला’ म्हणू नका. सांध्यात बिघाड नसतो, आणि लोक कानाजवळ मालिश करत बसतात. तंबाखू काढून नुसती सुपारी घोटली तरी हा रोग थांबत नाही.

धंतोलीकर:
मग वाक्य असं करतो: ‘दुभंगलेला ओठ व तोंडातली टाळू हा जन्मजात दोष आहे. तो काही घरांत आनुवंशिक असतो. म्हणून आईबापांनी स्वतःचा खालचा ओठही डॉक्टरांना दाखवावा.’

महालवाला:
‘व’च्या जागी ‘किंवा’ करा. नुसती टाळू फाटलेली मुलंही असतात, आणि त्यांचा ओठ धड असल्याने तेच उशिरा कळतं.