वडसा (देसाईगंज) इथे भाड्याने घर पाहिजे, साक्षगंध (साखरपुडा) झालं आहे पण लग्न बाकी आहे, सल्ला द्या

दारव्ह्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी नर्स आहे, कंत्राटी, १ डिसेंबरपासून वडस्याला रुजू व्हायचं आहे. माझा होणारा नवरा सोलर पंप बसवायच्या कामात आहे, त्याला नेमका गडचिरोली-ब्रह्मपुरी पट्टा मिळाला, म्हणून दोघांनी तिथेच एक घर करायचं ठरवलं. साक्षगंध ऑक्टोबरमध्ये झालं, लग्न मे महिन्यात, कापूस-तूर विकून हातात पैसा आल्यावर. माझी आई म्हणते राहा सोबत, परक्या गावात एकटी राहण्यापेक्षा बरं. त्याच्या बाबांना पटलं नाही पण त्यांनी अडवलंही नाही. आता विचारायचं हे की घर कोणत्या बाजूला पाहू (भाडं ५,००० च्या वर जमणार नाही), सामानाला सगळे मिळून ३०,००० आहेत त्यात आधी काय घेऊ, आणि घरमालकाला काय सांगू. खरं सांगितलं तर घर भेटते का? वडस्यात आमच्या ओळखीचं कोणीच नाही. माझी नाईट ड्युटी राहील हेही लक्षात घ्या.

पुसदचा_पठ्ठ्या
आधी अभिनंदन ताई. एकच सांगतो, कूलरच्या भानगडीत पडू नका, सरळ एसी घ्या. मी मागच्या वर्षी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला, बसवून ४१,००० गेले पण मे महिन्यात पोरं दुपारी गार झोपली, बायको म्हणाली दहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलं. सोबत स्टॅबिलायझर घ्या नाहीतर वादळात लाईन गेली-आली की बोर्ड जळते. एकदाच खर्च होते, नंतर निवांत.

वैनगंगेपल्याड
वडस्यात राहूच नका, ब्रह्मपुरीला घर घ्या. वीसेक किलोमीटर तर आहे. ब्रह्मपुरीत कॉलेज आहेत, दवाखाने आहेत, बाहेरून आलेले भाडेकरू भरपूर, कोणी कोणाला विचारत नाही. मी चार वर्षं ब्रह्मपुरीहून वडस्याला गाडीने अपडाऊन केलं, काही झालं नाही.

झाडीतला_माणूस
अपडाऊन तुमाले जमलं जी, तुमची दिवसाची नोकरी होती. ह्या ताईची नाईट आहे. आणि पावसाळ्यात काय करन? गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले का वैनगंगा फुगते, रस्ते बंद होतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस पूर आला तवा आमच्याकडचे लोक आन ब्रह्मपुरी तालुक्यातले गावंच्या गावं पाण्यात होती, ते विसरले का? ताई, वडस्यातच राहा. नदीकडचा सखल भाग सोडून घर पाहा, आन पाहाले गेल्यावर भिंतीवर ओलाव्याची रेघ आहे का ते पाहा, रंग मारला असला तरी खालून पोपडे दिसतात. शेजारच्याले विचारा पूर कुठवर आल्ता. दवाखान्यातून पायी येता येईन इतक्याच अंतरात पाहा, रातीची गोष्ट आहे.
आजून एक. दिवाळी झाली का झाडीपट्टीच्या, म्हणजे ह्या आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकाचा सीझन लागते, वडस्यात नाटक कंपन्या आहेत, बाहेरचे कलाकार मुक्कामाले असतात. त्याच्यानं नोव्हेंबर-डिसेंबरात खोल्या लवकर भेटत नाही आन भाडं पण वाढवून सांगतात. घाई करू नका. एखाद्या नाटकाले जाऊन पाहा मात्र, रातभर चालते.

हिंगणघाटी
एसी कशाला सांगता बाप्पा, ताईने ३०,००० सांगितले ना सगळ्या सामानाचे. लोखंडी कूलर घ्या, वेल्डिंगवाल्याकडून बनवलेला. आमच्याकडे अकरा वर्षं झाली तोच आहे, फक्त ताट्या बदलतो आणि मोटर एकदा. आता थंडीत घ्या, एप्रिलमध्ये त्याच कूलरचे दीडपट सांगतात.

पुसदचा_पठ्ठ्या
लोखंडी कूलरने करंट लागून दरवर्षी माणसं जातात, पेपरात वाचत नाही का?

हिंगणघाटी
अर्थिंग नसते म्हणून जातात. आणि चालू कूलरमध्ये पाणी भरतात म्हणून. बटन बंद करून, प्लग काढून मग पाणी भरा, काही होत नाही. घर घेताना इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये द्या आणि अर्थिंग तपासून घ्या. हे मी मनापासून सांगून राहिलो, माझ्या चुलत भावाचा हात जन्मभराचा गेला. त्याच्या कूलरचा दोष नव्हता, घराला अर्थिंगच नव्हती.

झाडीतला_माणूस
आमच्याकडे जूनमधी दमट हवा राहते जी, आजूबाजूले सगळे धानाचे बांध. कूलर तवा काही कामाचा नाही, नुसता चिकचिक.

एकदा_फसलेली
ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, कारण कूलरवर सगळे बोलतील पण ह्याच्यावर कोणी बोलणार नाही. आम्ही पण असंच राहिलो, लग्नाआधी नऊ महिने, दुसऱ्या एका तालुक्याच्या गावात. घरमालकाला सांगितलं लग्न झालं आहे. मी काळे मणी घातले, बाजारातून चाळीस रुपयांची जोडवी घेतली. दोन महिने काही झालं नाही. मग संक्रांत आली. मालकीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, वीसेक बाया, आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या नवीन सून आहे, नाव घ्या. मी उखाणा घेतला. सगळ्या हसल्या, वाण दिलं, एक स्टीलची वाटी. मालकीणबाईंनी माझी ओटी भरली, डोक्यावरून हात फिरवला. घरी येऊन मी ती वाटी हातात धरून रडले. त्या बाईने आईसारखं केलं आणि मी तिच्याशी खोटं बोलत होते. पुढे खरं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका द्यायची कोणत्या तोंडाने? नाही दिली. गावाला जाऊन लग्न करून आलो, आणि आठ दिवसांनी माझ्या हाताची मेंदी पाहून त्या समजल्या. काहीच बोलल्या नाहीत, पण नंतर आम्हाला दारातून कधी हाक मारली नाही. घर शेवटी आम्हीच सोडलं. खोटं सांगू नका. दहा घरं नाही म्हणतील, अकरावं हो म्हणेल.

कोराडीची_काकू
वाचून जीव कळवळला. पण गाव लहान आहे, खरं सांगून घर कोण देईल? माझं ऐक, मंगळसूत्र घालून टाक. साक्षगंध म्हणजे अर्धं लग्नच.

एकदा_फसलेली
काकू, मी घातलंच होतं ना. त्याचंच तर सांगितलं.

निवृत्त_मास्तर
एवढा विचार करण्यापेक्षा रजिस्टर लग्न आधी करून घ्या, मेमध्ये थाटात लावा. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, अर्ज द्यायचा, लग्न होते. माझ्या दोन्ही मुलांची लग्नं मी हुंडा न घेता लावली, एकाचं तर फक्त शंभर माणसांत.

दस्तवाला
मास्तर, अर्ज दिला आणि लग्न झालं असं नसते. तहसीलबाहेर बसून मी हेच कागद लिहितो म्हणून नीट सांगतो. विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात कमीत कमी ३० दिवस राहिलेला पाहिजे. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं, कोणाची हरकत नसली तर ३ साक्षीदारांसमोर लग्न, आणि नोटीसपासून ३ महिन्यांच्या आत ते करावं लागते नाहीतर पुन्हा नोटीस. वडस्यात राहिले तर गडचिरोली जिल्हा, ब्रह्मपुरीत राहिले तर चंद्रपूर. नदी ओलांडली की कागद बदलतात, हे वर सांगणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. दोघंही हिंदू असतील तर ह्या वाटेने जायची गरजच नाही, मे महिन्यात रीतीप्रमाणे लग्न लावा आणि नगर परिषदेत, गावी असेल तर ग्रामपंचायतीत नोंदणी करा. दोघांपैकी एकजण अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असला तर आंतरजातीय विवाहाच्या योजनेचे ५०,००० असतात, समाजकल्याणला विचारा, पण त्यालाही नोंदणीचा दाखला लागते.
आता घराचं. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय सोबत राहणं गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० ला स्पष्ट म्हटलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. पण कोर्टाचा निकाल दाखवून घर भेटत नाही, म्हणून करार पक्का करा. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. करारात दोघांची नावं स्वतंत्र टाका, आधार जसं आहे तसं. पती-पत्नी लिहू नका. खोटं लिहिलं की उद्या मालकाला कारण भेटते.

आर्वीचा_भाऊ
सहमत, रजिस्टर लग्न आधी करून टाका, विषय संपला. आणि एसी घ्या.

दारव्ह्याची_लेक
सगळ्यांचे आभार. एसी जमणार नाही दादा, ३०,००० म्हणजे ३०,०००च, त्यातच डिपॉझिट पण आहे. फसलेली ताई, तुमचं दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. रजिस्टर लग्न आधी करायचं आमच्या मनात नाही, त्याच्या बाबांना एकच इच्छा आहे की लग्न त्यांच्या डोळ्यांदेखत अंगणात लागावं, तेवढा मान तर ठेवू. गॅसचं कसं करायचं? कनेक्शन आईच्या नावाने आहे.

एसटीची_खिडकी
गॅससाठी पाच किलोचा छोटू सिलिंडर घ्या. ओळखपत्र लागते, पत्त्याचा पुरावा लागत नाही, एजन्सीत भेटते आणि काही पेट्रोल पंपांवर पण. बदली झाली की उचलून नेता येते. मी तीन बदल्या त्याच्यावर काढल्या. आणि भाकरी खाणारे असाल तर गावाकडून ज्वारी आणा, तिकडे सगळा भाताचा कारभार.

कोराडीची_काकू
मच्छरदाणी विसरू नको बाई, गडचिरोलीत मलेरिया आहे.

झाडीतला_माणूस
काकू, ती नर्स आहे, तिले माहीत आहे ते. ताई, पलंग घेऊ नका, खाली गादी टाकून राहा, मेमधी लग्नात भेटनच. आन जुनं कवेलूचं (कौलाचं) घर दाखवलं कोणी त घेऊ नका, पाण्याचं गळते, वांदरं कवेलू फोडतात. स्लॅबचं पाहा.

वैनगंगेपल्याड
स्लॅबच. शक्यतो ब्रह्मपुरीत.

हिंगणघाटी
स्लॅबच पाहा, पण वरच्या मजल्यावर नको, उन्हाळ्यात रात्री एकपर्यंत स्लॅब तापलेली राहते.

दारव्ह्याची_लेक
(दोन आठवड्यांनी) मंडळी, घर भेटलं. रागावू नका, कवेलूचंच घेतलं. सात ठिकाणी खरं सांगितलं, सात ठिकाणी नाही. एकाने तर दार पण पूर्ण उघडलं नाही, बहीणभाऊ असाल तर या म्हणाला. आठवं घर एका आजीचं. पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, मागच्या दोन आणि न्हाणी आम्हाला, भाडं ३,२००. मी उभ्या उभ्याच सांगितलं, आजी, साक्षगंध झालं, लग्न मेमध्ये आहे, तोवर आम्ही सोबत राहू. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या, हात थांबला नाही. खडे वेचून झाले मग म्हणाल्या, "राती ड्युटीवरून आलीस त दार कोन उघडन?" म्हटलं त्याचं काम नसलं तर तो, नाहीतर माझ्याजवळ किल्ली राहील. म्हणाल्या, "किल्ली कायले, मी जागीच रायते." आत नेऊन चहा दिला. माझ्या साक्षगंधाचा फोटो त्यांनीच मागून पाहिला, साडीचा रंग चांगला म्हणाल्या.

करार दस्तवाल्या दादांनी सांगितला तसाच केला, दोघांची नावं वेगळी. आजींच्या मुलाला नोंदणीचं नको होतं, आजींनीच त्याला समजावलं. भिंतीला पुराची रेघ नाही, शेजारीपण विचारलं. अर्थिंग नव्हती, हिंगणघाटी दादा, ती आधी करून घेतली, खर्च अर्धा अर्धा. आणि तुम्ही सगळे नको म्हणाले तरी लाकडी दिवाण घेतला, जुना, ४,५०० ला, आणि दोन जाड पडदे. नाईट करून आलं की मला दिवसा झोपावं लागते, खाली गादीवर उंदीर-विंचवाच्या भीतीने डोळा लागणार नाही. छोटू सिलिंडर, दोन बर्नरची शेगडी, मच्छरदाणी, डिपॉझिट, सगळं धरून २३,००० गेले. कूलर नाही घेतला. राहिलेले ७,००० तसेच ठेवले आहेत, आजींचं म्हणणं कवेलूखाली मेमध्येही पंख्यावर निभते, मार्चमध्ये पाहू.

पुसदचा_पठ्ठ्या
मार्चमध्ये भाव वाढतील. तरी सांगून ठेवतो.

एकदा_फसलेली
पत्रिका छापल्या की पहिली आजींना द्या ताई. मला फार बरं वाटलं.

झाडीतला_माणूस
आता घेतलंच त ऐका. मृगाच्या आधी, मे संपता संपता, कवेलू फेरून घ्या, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचून. आजीले फेरणारा माणूस माहीत राहीन पण तो एप्रिलातच सांगून ठेवा लागते, जूनमधी हाती लागत नाही. फुटलेले बदलाले शंभरेक कवेलू आधीच आणून परसात ठेवा. आन दिवाण भिंतीपासून हातभर दूर ठेवा, पहिल्या पावसात भिंतीकडूनच गळते. लग्न गावाले असन त फेरणी त्याच्या आधी उरका.

दारव्ह्याची_लेक
दिवाण आजच सरकवला. फेरणाऱ्याचं आजींना विचारलं, म्हणाल्या तो माणूस गल्लीतच आहे, होळीला सांगू.