मदत हवी आहे: विनोदी अ‍ॅनिमे शेकडो भाग ताज्या कशा राहतात?

तिसरा_मजला

लोकहो, जरा मदत हवी आहे.

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून दर आठवड्याला एक विनोदी पॉडकास्ट मालिका करतो. एक हाउसिंग सोसायटी, तिचे सेक्रेटरी, गेटवरचे वॉचमन मामा, तळमजल्यावरच्या काकू, पार्किंगची भांडणं, टाकीचं पाणी, एवढाच पसारा. लिहायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला धमाल आली. आता लिहायला बसलं की पहिल्या पानावरच कळतं, हे आपण आधी केलंय. ऐकणारेही तेच म्हणतात, "मामा रजिस्टरमध्ये नाव चुकीचं लिहिणार ना? माहितीये."

माझा धाकटा भाऊ अ‍ॅनिमेवेडा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा. त्याचं म्हणणं, 'गिंतामा'चे ३६७ भाग झाले, शिनचॅन १९९२ पासून चालू आहे, 'साझाए-सान' तर १९६९ पासून, आणि तू एवढ्यातच काय रडतेस! शिनचॅन मी शाळेत असताना हिंदीतून पाहिलाय. बाकीचं फारसं माहीत नाही.

तर प्रश्न असा: ही मंडळी नेमकं करतात काय? "त्यांच्याकडे लेखकांची फौज असते" हे उत्तर नको, ते मलाही कळतं आणि आमच्याकडे फौज नाही. गोष्टीच्या पातळीवर ते काय धरून ठेवतात आणि काय बदलतात, हे कुणी उदाहरणासकट सांगेल का?

---

खारेदाणे

भाऊ बरोबर बोलतोय. पण त्याने तीन अगदी वेगळ्या जातीच्या मालिका एका दावणीला बांधल्यात.

'साझाए-सान' आधी बाजूला काढा. ती ताजी राहते असं मला वाटत नाही, आणि तिला राहायचंही नाही. दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते, एका भागात सातेक मिनिटांच्या तीन गोष्टी. माचिको हासेगावांची मूळ चित्रपट्टी १९४६ ते १९७४ अशी वर्तमानपत्रांत चालली. त्यातल्या चार चौकटींतला एखादा विनोद उचलायचा आणि त्याभोवती गोष्ट विणायची, ही पद्धत. कुणाचं वय वाढत नाही. घरात अजून काळा डायलचा फोन. साझाएचा धाकटा भाऊ कात्सुओ कायम पाचवीत, कायम अभ्यास चुकवणारा आणि कायम वडिलांच्या शिव्या खाणारा.

मग लोक बघतात का? तर बाहेरचं कॅलेंडर चालू असतं म्हणून. एप्रिलच्या आसपास चेरीचा बहर, उन्हाळ्यात सुट्टीचा राहिलेला गृहपाठ, वर्षअखेरीला घराची साफसफाई, मग नवं वर्ष. त्या आठवड्यात प्रेक्षकाच्या घरी जे चाललंय तेच पडद्यावर. जपानी लोकांना तर ही मालिका संपली की उद्या सोमवार या विचाराने पोटात गोळा येतो, आणि त्या दुखण्याला मालिकेचंच नाव पडलंय.

तुमच्या सोसायटीला हे फुकटात मिळण्यासारखं आहे. गणपतीची वर्गणी, मे महिन्यात टँकर, वार्षिक सभा, दिवाळीतला चिवडा. विषय शोधायला लागू नये.

---

नाक्यावरचा_ओटाकू

खारेदाणे +१, पण कॅलेंडरने विषय मिळतो, विनोद नाही. गणपतीच्या वर्गणीवरही मामा नाव चुकवणारच.

'गिंतामा'वर लिहितो, कारण तिचा कारखाना आतून बघण्यासारखा आहे. पुढे स्पॉयलर आहेत, बघायची असेल तर हा प्रतिसाद सोडा.

हिदेआकी सोराचींची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००३ च्या अखेरीस सुरू झाली आणि अ‍ॅनिमे २००६ मध्ये. एदो काळातलं, म्हणजे सामुराईंच्या दिवसांतलं जपान, पण काळ्या जहाजांतून आलेल्या अमेरिकनांऐवजी परग्रहवासी येऊन बसलेत आणि सामुराईंच्या तलवारी काढून घेतल्यात. गिंतोकी, शिंपाची आणि कागुरा पडेल ते काम करतात आणि घरभाडं थकवतात.

आता शोगुनचा विनोद बघा. शोगुन म्हणजे देशाचा मालक, नाव शिगेशिगे. पोलिसांचा मोठा साहेब त्याला गुपचूप एका बारमध्ये घेऊन येतो. त्या दिवशी तिथल्या मुली गैरहजर, म्हणून आपल्या ओळखीची सगळी नमुनेदार मंडळी त्यांच्या जागी बसलेली. खेळ सुरू होतो, गिऱ्हाइकाची फजिती करायची ठरते, आणि मग एकेकाच्या लक्षात येतं की समोर बसलाय तो शोगुन. तोवर तो चड्डीवर आलेला असतो. वर शांतपणे सांगतो की आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या हीच चड्डी घालतात.

पुढे हाच प्रकार न्हाव्याच्या दुकानात. मालक जागेवर नाही, खुर्चीमागे आपले तिघं, गिऱ्हाईक म्हणून शोगुन, आणि त्याची शेंडी कापली जाते. मग पोहायच्या तलावावर. मग बर्फात स्कीइंगला. दरवेळी मनातल्या मनात तीच किंकाळी, "अरे हा तर शोगुन!" विनोद तोच, प्रेक्षकाला आधीच माहीत. उलट दारातून तो आत येताना दिसला की हसू तिथेच सुरू होतं.

खरी गंमत पुढेच आहे. इतक्या वेळा फजिती होऊनही शोगुन एकदाही कुणावर चिडत नाही, कुणाचं डोकं उडवत नाही. आपण चड्डीवर हसत असतो आणि त्याच वेळी, कुणी न सांगता, हा माणूस फार भला आहे हे मनात मुरत जातं. मग २०१५-१६ च्या हंगामात त्याच्या हत्येच्या कटाचं कथानक येतं आणि तो मरतो. तेव्हा सोराचींना त्याचा चांगुलपणा नव्याने पटवून द्यावा लागत नाही. ते काम आधीच झालेलं असतं, आपल्याच हसण्यातून.

म्हणून तिसरा_मजला, माझं उत्तर सरळ आहे. नवा विनोद शोधू नका. जुन्याला नवं काम लावा.

---

वाकड_ते_वाशी

ओटाकू, तू नेहमीसारखा एकदम रडवण्यावर गेलास. त्याआधी तीनशे भाग हसवलं कसं, ते सांग ना.

मी सांगतो. त्यात एक वेडं बोलणारा आणि एक त्याला झापणारा असतो, जपानी मांझाईतले, म्हणजे दोघांच्या विनोदी जुगलबंदीतले, बोके आणि त्सुक्कोमी. आपल्या तमाशातल्या बतावणीची आठवण यावी असंच काम. शिंपाचीचं मुख्य काम झापण्याचं. पण त्याची आवडती गायिका ओत्सू आली रे आली की तोच तिच्या चाहत्यांच्या टोळीचा कप्तान होऊन सुटतो, आणि मग गिंतोकीला शहाण्यासारखं झापायला लागतं. पात्रं तीच, खुर्च्या बदलल्या. एवढ्यावर त्यांनी किती भाग काढलेत!

आणि दुसरं, साच्याचीच टर उडवायची. भागाच्या सुरुवातीला नुसतं घराचं बाहेरून काढलेलं एक स्थिर चित्र, आतून तिघांच्या गप्पांचा आवाज, मिनिटामागून मिनिटं हलत काही नाही, आणि गप्पांचा विषय काय, तर अ‍ॅनिमेचा खर्च कसा वाचतोय. लोकप्रियतेचा कौल लागला तर पात्रं आपापल्या क्रमांकावरून मालिकेतच हाणामारी करतात. २०१० मध्ये मालिका थांबली, २०११ मध्ये परत आली, तर पहिल्याच भागात काय? दोन वर्षं उलटलीत, सगळे बदललेत, दणकट आणि गंभीर झालेत, शिंपाची तेवढा होता तसाच. तेव्हा 'जंप' या मांगा साप्ताहिकातल्या हाणामारीच्या मांगांत काळाची उडी मारायची टूम होती, त्याची ही खिल्ली.

तुमचं तर नुसतं ऐकायचं माध्यम. स्थिर चित्र काय, तुमच्याकडे चित्रच नाही! त्यावर एक भाग सहज निघेल.

---

तिसरा_मजला

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना.

खुर्च्या बदलायची कल्पना लगेच घेतेय. आमच्याकडे झापायचं काम कायम सेक्रेटरींकडे, आणि ते स्वतः कधी येड्यासारखे वागतच नाहीत. तिथेच घोडं अडलंय बहुतेक.

पण शोगुनचं पटलं तरी शंका आहे. आमची मालिका हलकीफुलकी. शेवटी कुणाला मारून रडवायचं असेल तर तो विनोदच राहत नाही ना? शिवाय तो परिणाम साधायला त्यांच्याकडे वर्षं होती.

---

गवारीची_शेंग

मारायची काही गरज नाही. शिनचॅन घ्या, तो तर तुम्ही पाहिलाय.

आपल्याकडे मुलांची मालिका म्हणून आला, २००८ मध्ये बंदी काय आली, मग काटछाट होऊन परत काय आला. पण योशितो उसुइंची मूळ मांगा मोठ्यांच्या साप्ताहिकात यायची. म्हणून त्यातले निम्मे विनोद आईबापांचे आहेत. बाप हिरोशीच्या घराच्या कर्जाची ३२ वर्षं बाकी, ती कधी कमी होत नाहीत. आई मिसाएचं वजन. शिनचॅनच्या मैत्रिणीची, नेनेची आई, जी पाहुण्यांसमोर गोड हसते आणि आडोशाला जाऊन कापडी सशाला बुक्क्या मारते. आणि नेनेची भातुकली! बाकीची मुलं तिच्यापासून पळतात, कारण तिच्या भातुकलीत नवरा दारू पिऊन येतो, संसार मोडायच्या बेतात असतो, आणि बिचाऱ्या मासाओला तो नवरा व्हावं लागतं. भातुकलीचा विनोद ठरलेला, पण मोठ्यांच्या जगातली भांडणं थोडीच संपतात?

आता हिरोशीच्या पायांचा वास. पहिल्यापासूनचा विनोद, मोजा काढला की समोरचा गारद. लेकराबाळांनाही पाठ. २००१ च्या सिनेमात, दिग्दर्शक केइची हारा, मोठी माणसं जुन्या दिवसांच्या वासाने भारली जातात आणि पुन्हा पोरं होऊन बसतात. हिरोशीही. तेव्हा शिनचॅन काय करतो? बापाचाच बूट त्याच्या नाकाला लावतो. आणि त्या वासाबरोबर हिरोशीला सगळं आठवत जातं, गावातलं लहानपण, शहरातली नोकरी, उन्हातान्हात केलेली वणवण, लग्न, पोरगा झाला तो दिवस. एक शब्द नाही. मी हा प्रसंग पुन्हा पाहिला तरी घसा दाटतो, आणि विषय काय, तर घामट मोजे!

कुणी मेलं नाही. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर हिरोशीच्या पायांना पुन्हा तसाच वास.

शिवाय ते अधूनमधून पायाच हलवतात. १९९६ मध्ये धाकटी बहीण हिमावारी जन्मली आणि घरातला सगळ्यात लहान सैतान एकदम दादा झाला. २००१ मध्ये तर गॅसच्या स्फोटात घरच उडवलं, कुटुंब भाड्याच्या खोलीत, शेजारपाजार सगळा नवा, पुढे घर परत बांधलं. कर्ज तेवढं राहिलं.

---

खारेदाणे

गवारीची_शेंग, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

पण एक विरोधी सूर लावतो. नवं पात्र आणणं हा सोपा मार्ग आहे आणि तो लवकर महाग पडतो. रुमिको ताकाहाशींच्या 'उरुसेई यात्सुरा'त (१९८१ ते १९८६, १९५ भाग) सारखं कुणीतरी नवं येऊन टपकतं. तिथे जमतं, कारण प्रत्येक जण कुणाच्या तरी मागे लागलेला असतो, नव्याचा धक्का जुन्या सगळ्यांना बसतो. नुसता "चौथ्या मजल्यावर एक विचित्र भाडेकरू आला" असं केलंत तर तीन भागांत तोही शिळा. आल्यामुळे जुन्या दोघांचं नातं बदलणार असेल तरच आणा.

---

नाक्यावरचा_ओटाकू

हे मान्य. आणि रडवण्याबाबत तिसरा_मजलांची शंका अगदीच चूक नाही. 'गिंतामा'चा २०१७-१८ चा शेवटचा टप्पा मला स्वतःला जड वाटला. लढाई, अजून लढाई, मध्येच विनोदाची फोडणी. शोगुनच्या वेळी जे सहज झालं ते तिथे ओढूनताणून वाटतं.

आता तुमच्या मामांकडे येतो. ते नाव चुकवतात, ठीक. पण का चुकवतात हे तुम्ही ठरवलंय का? शोगुन चिडत नाही, हे लेखकाला माहीत होतं. मामांना डोळ्यांनी दिसत नाही? ऐकू येत नाही? की मुद्दाम करतात? मुद्दाम करत असतील तर कुणाचं नाव ते कधीच चुकवत नाहीत?

---

तिसरा_मजला

थांबा थांबा. हे ठरवलंच नव्हतं.

कामवाल्या मावशींचं नाव ते कधीच चुकवत नाहीत. आत्ता सुचलं. बाकी सगळ्यांची वाट लावतात, सेक्रेटरींचीसुद्धा, पण घरोघरी काम करणाऱ्या बायकांची नावं आडनावासकट बरोबर, वेळेसकट. आणि सोसायटीत चोरीचा आळ कुणावर तरी आला की तेच रजिस्टर उघडायचं...

---

वाकड_ते_वाशी

झालं, हिला मिळालं.

फक्त लगेच पुढच्या आठवड्यात उघडू नका ते रजिस्टर. आधी आठदहा भाग मावशींची बरोबर लिहिलेली नावं नुसती कानावरून जाऊ द्या. कुणी विचारलंच नाही पाहिजे.

---

गवारीची_शेंग

आणि रजिस्टर उघडल्यावरही मामांना भाषण देऊ नका प्लीज. त्यांनी तेव्हाही सेक्रेटरींचं नाव चुकीचंच वाचावं.

---

तिसरा_मजला

:)) नक्की. आता शेवटचा प्रश्न. 'गिंतामा' बघायला घेतेय, भाऊ म्हणतो पहिला भाग बघू नकोस. हे काय गौडबंगाल?

---

नाक्यावरचा_ओटाकू

भाऊ बरोबर. पहिले दोन भाग मांगात नाहीत, खास अ‍ॅनिमेसाठी लिहिलेले. मांगा आधीच वाचणाऱ्यांसाठी सगळी पात्रं एकदम ओतलीत, नवख्याला कोण कुणाचं तेच कळत नाही. तिसऱ्यापासून सुरू करा, तिथे शिंपाची आणि गिंतोकीची पहिली भेट आहे. सुरुवातीचे वीसपंचवीस भाग जरा संथ आहेत, तेवढी कळ काढा. पहिले दोन नंतर बघा, तेव्हा मजा येते.