सल्ला हवा : शेन्झेनमध्ये 5,500 युआनमध्ये भाड्याचे घर, कार्यालयाजवळ लहान घ्यावे की लांब मोठे?

हिंजवडीचा_प्रवासी
नमस्कार. येत्या मार्चपासून दोन वर्षांसाठी मी दक्षिण चीनमधील शेन्झेन शहरात राहायला जात आहे. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असेल. कार्यालय नानशान भागात, मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील गाओशिन्युआन स्थानकाजवळ आहे. घरभाड्यासाठी कंपनी दरमहा 5,500 युआन देणार आहे आणि पुण्यातील घराचा हप्ता चालू असल्यामुळे त्याहून अधिक खर्च मला परवडणार नाही. गेली सात वर्षे कोथरूड ते हिंजवडी या प्रवासात माझे रोज जवळपास तीन तास गेले आणि मुलगी जागी असताना मी घरी असतो, असे फक्त रविवारीच घडते. म्हणून कोणता भाग पाहावा आणि घर ठरवताना कशाची खात्री करून घ्यावी, हे तेथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

शेकोउवासी
कुटुंब सोबत असेल तर शेकोउशिवाय दुसरा विचारही करू नका. आम्ही सहा वर्षे तेथे राहिलो. समुद्रकिनारी फिरण्याची जागा, परदेशी कुटुंबांची सोबत, मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळा आणि इंग्रजी समजणारे दुकानदार हे सारे एकाच भागात मिळते. आमचे घर तीन शयनकक्षांचे होते आणि भाडे 13,000 युआन होते, पण त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. कंपनीशी बोलून भत्ता वाढवून घ्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

हिंजवडीचा_प्रवासी
आपल्या आपुलकीबद्दल आभार. भत्त्याविषयी मी दोनदा विचारून पाहिले आहे. 5,500 हा आकडा बदलणार नाही.

गुशूचा_भाडेकरू
बाओआनमध्ये घर घ्या. पहिल्याच मार्गावर शीश्यांग, पिंगझोऊ, गुशू ही स्थानके आहेत आणि गुशूहून गाओशिन्युआनला गाडी न बदलता सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते. तुमच्या पैशांत दोन खोल्यांचे, उद्वाहनाच्या इमारतीतील घर मिळेल. नानशानमध्ये तेवढ्याच पैशांत एका खोलीवर समाधान मानावे लागते.

या फरकाचे मूळ जाणून घेतले, तर भाड्याची घासाघीस करताना उपयोग होतो. 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले तेव्हा आजचे संपूर्ण शहर त्यात नव्हते. क्षेत्राच्या सीमेवर 80 किलोमीटरहून लांब कुंपण आणि तपासणी नाकी होती आणि बाहेरच्या चिनी नागरिकालाही आत येण्यासाठी परवाना लागत असे. लुओहू, फूतियान, नानशान हे ‘नाक्याच्या आत’ आणि बाओआन, लोंगगांग हे ‘नाक्याबाहेर’ होते. 2010 साली क्षेत्राचा विस्तार सगळ्या शहरभर झाला, तरी जुन्या दलालांच्या तोंडी हे दोन शब्द अजून आहेत आणि भाड्यातली तफावतही पुष्कळशी टिकून आहे. त्या पुसल्या गेलेल्या रेषेपलीकडे राहून तुम्ही महिन्याला दीड-दोन हजार युआन सहज वाचवाल.

इतिहासाचा_विद्यार्थी
या निमित्ताने एक गैरसमज दूर करावासा वाटतो. शेन्झेन हे चाळीस वर्षांपूर्वी मासेमारीचे एक खेडे होते, असे आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. वस्तुतः तेथे बाओआन नावाची पूर्वापार काउंटी, म्हणजे तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग होता, त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती, नानतोउ हे तटबंदीचे जुने ठाणे होते आणि दापेंगचा किल्ला 1394 सालचा आहे. 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1 कोटी 75 लाखांच्या वर गेली, ही वाढ थक्क करणारी आहेच. पण त्यासाठी आधीच्या गावांना शून्य ठरवण्याचे कारण नाही. आज निम्न उत्पन्नाचे लोक ज्या वस्त्यांत राहतात, ती हीच गावे आहेत.

शेकोउवासी
माहिती चांगली आहे, परंतु प्रश्न घराचा आहे. शेकोउमध्येच 1979 साली पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्यामुळे इतिहास हवा असेल तर तोही आमच्याच भागात आहे.

मी_तिथे_राहिलो
वरच्या प्रतिसादात उल्लेख आलेल्या त्या गावांत, म्हणजे ‘शहरातल्या खेड्यात’, मी तीन वर्षे काढली. शहराने गावकऱ्यांची शेतजमीन संपादित केली, पण राहत्या घरांचे भूखंड गावाच्या सामूहिक मालकीत राहिले. त्यांवर गावकऱ्यांनी सहा-सात मजली इमारती इतक्या खेटून बांधल्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो, आणि म्हणूनच त्यांना ‘हस्तांदोलनाच्या इमारती’ म्हणतात. माझी खोली 1,800 युआनला होती. भर दुपारी दिवा लावावा लागे आणि घरमालक विजेचा दर सरकारी दरापेक्षा जास्त घेत असे. तरीही मी त्या वस्तीविषयी वाईट बोलणार नाही, कारण कारखान्यात, भोजनालयात, सामान पोहोचवण्याच्या कामात राबणाऱ्या लाखो माणसांना हे शहर दुसरीकडे कोठेच जागा देत नाही. तुमच्या कार्यालयापासून एकाच स्थानकावर असलेल्या बायशिझोऊमध्ये दीड लाखांच्या आसपास लोक राहत होते. 2019 साली ती वस्ती पाडण्यासाठी रिकामी करायला सुरुवात झाली आणि माझ्या ओळखीची कुटुंबे मुलांच्या शाळेचे वर्ष अर्धे राहिलेले असताना शहराच्या कडेला फेकली गेली. त्यांपैकी एका हुनानच्या सहकाऱ्याने शेवटी मुलाला गावी आजी-आजोबांकडे पाठवले. हुकोउ म्हणजे कुटुंबाची सरकारी वास्तव्य-नोंद गावाकडची असली की शहरात शाळा मिळवणे किती कठीण जाते, हे मी तेव्हा जवळून पाहिले.

लहान मुलीसाठी मात्र ही जागा मी सुचवणार नाही.

माधवी_शांघाय
मी शांघायमध्ये आहे, तरीही अनुभव उपयोगी पडावा. येथील अकरावा मार्ग 2013 पासून शहराची हद्द ओलांडून थेट ज्यांग्सू प्रांतातील ह्वाच्याओपर्यंत जातो आणि स्वस्त घरासाठी तिकडे राहायला गेलेली माझी मैत्रीण रोज जाऊन-येऊन साडेतीन तास गाडीत असते. घर मोठे आहे, पण त्यात ती फक्त झोपते. नकाशावरील मेट्रोची वेळ पाहून फसू नका. घरापासून फलाटापर्यंतचा आणि स्थानकापासून टेबलापर्यंतचा वेळ त्यात धरलेला नसतो.

लोंगह्वा_रहिवासी
लोंगह्वा भागाचा पर्याय कोणीच सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटते. माझे घर 75 चौरस मीटर आहे आणि भाडे 4,300 आहे. सकाळी चौथ्या मार्गावर गर्दी असते आणि काही स्थानकांबाहेर कठड्यांच्या नागमोडी रांगेतून आत सोडतात, हे खरे आहे. तथापि पहाटे साडेसहाला निघाल्यास बसायला जागा मिळते.

गुशूचा_भाडेकरू
गाओशिन्युआनसाठी लोंगह्वाहून गाडी बदलावी लागते. बाओआनमधून लागत नाही, हे मी आधीच सांगितले आहे.

अनामत_गमावलेला
भाग कोणताही निवडा, पण पुढील गोष्टी कागदावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एका मध्यस्थ कंपनीला सवलतीच्या मोहाने वर्षाचे भाडे एकदम दिले होते. ती कंपनी घरमालकाला महिन्यामहिन्याने पैसे देत असे आणि एके दिवशी तिने देणे बंद केले. घरमालक दारात उभा राहिला, माझे सात महिन्यांचे भाडे आणि अनामत दोन्ही गेले आणि ऐन थंडीत मला सामान घेऊन बाहेर पडावे लागले. तेव्हा दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे भाडे, ही तेथील रूढ पद्धतच धरा आणि मालकी हक्काचा दाखला मालकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहा.

दुसरे असे की हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला 24 तासांत पोलिसांकडे वास्तव्याची नोंद करावी लागते. नोंद झाली की आपले भाड्याचे उत्पन्न करखात्याला दिसेल या भीतीने काही मालक टाळाटाळ करतात. तुमची कंपनी भत्ता पावतीवर देत असेल, तर ‘फापिआव’ म्हणजे करखात्याची अधिकृत पावती मालक देणार का आणि त्यावरील कर कोण भरणार, हेही आधीच ठरवा. शेवटी आढळते ते असे की 5,500 चे घर म्हणून पाहिलेले घर पावतीसह 5,800 ला पडते.

माधवी_शांघाय
क्षेत्रफळाचेही विचारून घ्यावे. जाहिरातीत जिना, उद्वाहन, मोकळी मार्गिका यांचा वाटा धरलेला असतो, आपल्याकडील सुपर बिल्ट-अपसारखाच. उंच इमारतीत पाव भाग त्यात सहज जातो.

कोकणातला_अभियंता
दमटपणाविषयी कोणी लिहिले नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दक्षिणेकडून उबदार बाष्प येते आणि थंड भिंतींवर, फरशीवर अक्षरशः पाणी सुटते. तेथे त्याला ‘हुइनान्त्यान’ म्हणतात. आमच्या रत्नागिरीच्या पावसाळ्याची सवय असूनही मी पहिल्या वर्षी कपड्यांची दोन कपाटे बुरशीने गमावली. पहिला-दुसरा मजला घेऊ नका आणि त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा. शिवाय कामाचे तास विचारा. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही पद्धत बेकायदा असल्याचे सर्वोच्च जनन्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट केले, पण आमच्या विभागात दिवे दहापर्यंत जळत असत. उशिरा सुटणाऱ्याला लांबचे घर दुप्पट लांब वाटते.

गुशूचा_भाडेकरू
माझे मत अजूनही तेच आहे : बाओआन, सहाव्या मजल्याच्या वर, उद्वाहनासह.

हिंजवडीचा_प्रवासी
सर्वांचे मनापासून आभार. नुकताच दहा दिवसांच्या कामासाठी तेथे जाऊन आलो आणि अकरा घरे पाहिली. गुशूचे घर प्रशस्त आणि उजेडाचे होते, हे मान्य करतो. परंतु सकाळी आठला तेथून निघून आणि संध्याकाळी परतून पाहिले, तेव्हा दारापासून दारापर्यंत दोन्ही वेळा एक तासाच्या वर लागला.

शेवटी दाशिन स्थानकाजवळ, कार्यालयापासून तीन स्थानकांवर, जुन्या वसाहतीतील घर ठरवले आहे. प्रत्यक्ष वापरातील जागा 38 चौरस मीटर, सहावा मजला आणि उद्वाहन नाही. भाडे पावतीसह 5,300 आहे. मालकीणबाई पोलीस ठाण्यात स्वतः सोबत येण्यास तयार आहेत आणि ते त्यांनी करारात लिहूनही दिले आहे. आपल्यापैकी कोणीही असे घर सुचवले नव्हते. पत्नीला दूरध्वनीवरून खोली दाखवली, तेव्हा तिने जागेविषयी काहीच न विचारता, मी संध्याकाळी किती वाजता घरी येईन, एवढेच विचारले.

शेकोउवासी
चार वर्षांच्या मुलीला आणि किराण्याला घेऊन सहा मजले चढणे पत्नीला जड जाईल. तुम्ही दिवसभर कार्यालयात असाल. पुन्हा विचार करा.

हिंजवडीचा_प्रवासी
आपली काळजी योग्य आहे आणि त्यावर आमचे दोघांचे बोलणे झाले आहे. आठवड्याचे सामान मी शनिवारी आणीन, असे ठरले आहे. आता कोकणातल्या अभियंत्यांना एक विनंती आहे : हवेतील ओल शोषणारे यंत्र येथून न्यावे की तेथेच घ्यावे, आणि एवढ्या जागेला किती लिटरचे पुरेल?

कोकणातला_अभियंता
तेथेच घ्या. दिवसाला 20 लिटर ओढणारे पुरेल आणि पोहोचताच लगेच घ्या, कारण भिंती ओल्या झाल्या की सगळे शहर एकाच वेळी दुकानात जाते.