तीन हजारांनी स्वस्त ऑनलाईन की घराजवळचं दुकान?

कोथरूडचा_नवशिका:
नमस्कार मंडळी, हायब्रिड सायकल घ्यायचीय. सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं आणि जमलंच तर पावसाळ्यानंतर सिंहगड, एवढीच महत्त्वाकांक्षा. सेम मॉडेल ऑनलाईन तीन हजारांनी स्वस्त दिसतंय, पण ज्याला विचारावं तो म्हणतो जवळच्या दुकानातूनच घे. भावनिक कारणं नकोत, तीन हजारांचं मला नक्की काय मिळणार ते सांगा.

चेनला_तेल_घाला:
ऑनलाईनची सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, पुढचं चाक, हँडल, पेडल आपणच लावायचं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते माहीत नसलं की माणूस जोर लावत बसतो आणि क्रँकचे (पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे) आटे जातात, असे महाभाग बघितलेत मी. बरं तेही यूट्यूब बघून जमलं समजा, पण नवीन सायकलची केबल थोडं चालवल्यावर सैल पडतेच, स्पोकही बसतात, मग गिअर खडखडायला लागतात आणि चाकाला आऊट येतो, म्हणजे फिरताना ते डगमगतं. दुकानातून घेतली असेल तर पहिली सर्व्हिस बहुतेक ठिकाणी फुकट असते (आधी विचारून घे). आणि साईज! पाच आठ उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब तर एकाचं धड लांब, चार्टला काय कळणार त्यातलं.

शंकेखोर:
एवढी आरती नका ओवाळू. आपली राईड सहाला, दुकान उघडणार साडेदहाला, लेबरचा रेट बोर्डवर कुठेच लिहिलेला नाही. सायकल पडली म्हणून एकाकडे नेली तर म्हणे अख्खा मागचा डिरेलियर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बदला. दुसऱ्याने बघितलं, डिरेलियर फ्रेमला ज्यावर लागतो तो हँगर वाकलाय म्हणाला, सरळ करून दिला, चहाच्या पैशात काम झालं.

चेनला_तेल_घाला:
अरे मग तो दुसराच की आपला दुकानदार! हँगर मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा ठेवतात, पडल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. आणि तुटलाच तर फ्रेमप्रमाणे वेगळा लागतो, ऑनलाईन फोटो बघून मागवलेला बसेलच असं नाही. चेनचंही तसंच. झीज मोजायचं गेज लावून 'घासलीये, आत्ता बदल' असं सांगणारा माणूस स्वतःचं नुकसान करतो, कारण गप्प बसला असता तर त्या चेननं पुढे कॅसेटपण (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) खाल्ली असती आणि बिल कितीतरी मोठं झालं असतं.

बीआरएमवाला:
माझं मत जरा वेगळं आहे. ट्यूब, चेन, टायर मी ऑनलाईनच घेतो, उगाच खोटं कशाला बोलू, पण बसवायला दुकानात देतो आणि लेबरमध्ये घासाघीस अजिबात करत नाही कारण त्याचं पोट त्याच्या हातावर आहे, मालावर त्याला सुटतंच किती. २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात, त्यात बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) कुरकुरायला लागला की मोबाईलवरचं डिस्काउंट कामाला येत नाही. एकच गोष्ट करू नका, दुकानात तासभर साईज बघायची, सीट खालीवर करून घ्यायची आणि बाहेर येऊन ऑनलाईन ऑर्डर मारायची. ही चोरीच आहे.

पेठेतले_काका:
आमच्या वेळी सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची, सगळे छरे रॉकेलमध्ये धुवून ग्रीस भरून मिळायचे, आणि तोवर भाड्याची सायकल घेऊन कॉलेजला. आता मुलाची सायकल पावसाळा संपला की तशीच देतो, सिंहगड रोडचा चिखल हबमध्ये जाऊन बसलेला असतो. मेकॅनिकला सायकल लांबून ओळखू येते, मी कोण हे मात्र त्याला दरवेळी सांगावं लागतं.

कोथरूडचा_नवशिका:
ओके पटलं, शनिवारी जातो. पण ऑनलाईनचा रेट दाखवून भाव कमी करायला सांगू का?

शंकेखोर:
दाखव ना, त्यात लाजायचं काय. पैसे फार सोडणार नाही, पण स्टँड, बाटलीचा होल्डर नाहीतर मडगार्ड बसवून देईल. मडगार्ड माग.

बीआरएमवाला:
+१ मडगार्ड. आणि दोन्ही चाकांचे, नुसतं मागचं देतात.