'यी ओल्ड' मधला 'यी' म्हणजे नक्की काय?

लंडनला फ्लीट स्ट्रीटवर एक प्रसिद्ध जुना पब आहे, त्याचं नाव 'यी ओल्ड चेशायर चीज'. हा 'यी' बायबलमधे येतो तोच का, 'तुम्ही' या अर्थाचा? तसं धरलं तर वाक्याला काही अर्थच लागत नाहीये, म्हणून विचारतेय. कोणी नीट उलगडून सांगाल का?

*

ताई, हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत, फक्त दिसायला सारखे. पबच्या नावातला शब्द म्हणजे साधा 'द', आणि तो वाचायचाही 'द' असाच. जुन्या काळी तो कोणीही 'यी' असा वाचत नव्हतं, हे आधी पक्कं करून टाकू.

झालं असं की इंग्रजांनी रोमन लिपी घेतली खरी, पण त्यांच्या भाषेत दातांमधे जीभ ठेवून काढायचा जो आवाज आहे (थिंक, दॅट वगैरे मधला) त्याला रोमन लिपीत एकटं अक्षरच नव्हतं. मग त्यांनी आपल्या जुन्या रून लिपीतलं एक अक्षर उचललं, त्याचं नाव थॉर्न. एक उभी दांडी आणि तिच्या मधोमध उजवीकडे पोट, असं ते अक्षर. पुढे हाताने लिहिता लिहिता दांडीचं वरचं टोक आखूड होत गेलं, पोट वरून उघडं पडलं, आणि 15व्या शतकापर्यंत बऱ्याच लोकांच्या अक्षरात थॉर्न आणि वाय ओळखूच येईनासे झाले. त्यात छपाई आली. इंग्लंडचा पहिला छपाईवाला कॅक्स्टन, त्याने 1476 ला वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, पण तो धंदा शिकला कोलोन आणि ब्रुग्जकडे आणि खिळेही (छपाईची धातूची अक्षरं) तिकडच्याच वळणाचे, त्यात थॉर्न कुठला असणार! म्हणून बहुतेक ठिकाणी सरळ टीएच छापायचे आणि ओळीत जागा कमी पडली की वाय घालून त्याच्या डोक्यावर बारीक ई बसवायचे, झाला 'द'. वाचणाऱ्याला ते माहीतच असायचं.

याचा सगळ्यात सुंदर नमुना स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या थडग्यावर आहे (तो गेला 1616 ला). तिसरी ओळ आपण वाचतो 'ब्लेस बी द मॅन दॅट स्पेअर्स दीज स्टोन्स', म्हणजे या दगडांना जो हात लावणार नाही त्याचं भलं होवो. पण दगडावर 'द' च्या जागी वाय आणि वर बारीक ई कोरलाय, 'दॅट' च्या जागी वाय आणि वर बारीक टी. आणि त्याच ओळीत 'दीज' मात्र चक्क टीएच घालून! म्हणजे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. मला तरी यापेक्षा चांगला पुरावा सुचत नाही.

*

मग बायबलमधला 'यी' कुठून आला? आणि 'ओल्ड' ला शेवटी तो जास्तीचा ई कशाला लावतात?

*

तो 'यी' खराखुरा सर्वनाम आहे, तुम्ही. 1611 च्या बायबलमधे योहानाच्या 8व्या अध्यायात एक वाक्य आहे, 'यी शॅल नो द ट्रुथ, अँड द ट्रुथ शॅल मेक यू फ्री'. एकाच वाक्यात यी पण आणि यू पण, कारण यी म्हणजे 'तुम्ही' आणि यू म्हणजे 'तुम्हाला'. एकट्या माणसाला दाऊ आणि दी, म्हणजे आपलं तू आणि तुला. पुढे यू ने या सगळ्यांच्या जागा बळकावल्या. आणि हा यी आपल्या संस्कृतातल्या यूयम् चा नातेवाईक आहे बरं का, तसाच दाऊ आपल्या तू चा.

ओल्डचा ई सुद्धा मुळात खोटा नाही. कवी चॉसरच्या वेळी (14वं शतक) 'द' नंतर आलेल्या विशेषणाला तो लागायचा आणि उच्चारही व्हायचा, ओल्ड नाही, ओल्डं सारखं काहीतरी. दुकानांच्या पाट्यांवर 'यी ओल्ड' लिहायची टूम मात्र बरीच नंतरची, 19व्या शतकातली, जुनेपणाची हौस म्हणून. हा पब लंडनच्या 1666 च्या मोठ्या आगीनंतर 1667 ला पुन्हा बांधलेला, तेव्हा इमारत जुनी आहेच, पण असं नाव दिसलं म्हणजे पाटीही तेवढीच जुनी असं धरू नये.

*

थॉर्न म्हणजे तर काटा ना? अक्षराला काटा का म्हणायचे?

*

हो, काटाच. रून अक्षरांना त्या आवाजाने सुरू होणाऱ्या वस्तूचं नाव द्यायची पद्धत होती. आणि या शब्दाची गंमत अशी की तो संस्कृतातल्या तृण शी जोडलेला आहे, मूळ एकच. आपल्याकडच्या त चा तिकडे थ सारखा आवाज होतो हा ठरलेला नियम आहे, त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृषा आणि थर्स्ट, सगळीकडे तेच. आता तृण वरून मराठीत तण आलं, म्हणजे शेतात आपण जे उपटतो ते तण आणि इंग्रजांचा थॉर्न हे लांबचे भाऊबंद झाले. अक्षर इंग्लंडमधून गेलं पण आइसलँडमधे अजून रोजच्या वापरात आहे, शाळेत मुलं गिरवतात आणि कीबोर्डवर त्याचं स्वतंत्र बटण असतं.