विषय: दिवाळीत पुण्याला येतोय, रानडुकराच्या शिकारीबद्दल विचारायचं होतं

ऑस्टिनहून, शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं मित्र सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला एका रँचवर रानडुकराच्या शिकारीला जातोय. दोन दिवस आणि मधली रात्र. डुकरांना ओढायला मका टाकणारे फीडर, बसायची खोपी, अंधारात जनावराची ऊब दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीच्या रायफली हे सगळं रँचवाला देणार आहे. आमच्यातले दोघं एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, एकाकडे ग्रीन कार्ड आहे आणि मी नागरिक आहे. आधी कुणी जाऊन आलं असेल तर काय न्यावं, काय सांभाळावं ते कळवा.

दुसरं म्हणजे दिवाळीला मी पंधरा दिवस पुण्यात आहे. काका, मागच्या वर्षी डुकरांनी तुमचा भात लोळवला त्याचे फोटो तुम्ही इथे टाकले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. भोरला तुमच्या शेतावर एक रात्र बसू या का? पीकही वाचेल आणि पुण्यातल्या माझ्या दोन मित्रांनाही यायचंय. गावात कुणाची तरी बंदूक मिळते असं ऐकलंय.

ह्यूस्टनहून, शनिवार सकाळी

रँचवर जाणाऱ्यांसाठी, डॉक्टर म्हणून लिहितेय.

तिकडच्या काही डुकरांमध्ये ब्रुसेलोसिस नावाचा जिवाणूंचा रोग असतो. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, धोका असतो जनावर सोलताना. रक्त, आतडी, गाभण मादी असेल तर गर्भाशयातलं पाणी, यातलं काहीही हातावरच्या बारीकशा चिरेतून किंवा डोळ्यांतून आत जातं. मग आठवडेच्या आठवडे ताप चढतो-उतरतो, सांधे धरतात आणि सगळे फ्लू समजून बसतात. म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच, आतडं फुटू देऊ नका. नंतर कधी ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की मी रानडुक्कर सोललं होतं.

मांस आतपर्यंत १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस झालं पाहिजे. थर्मामीटर वापरा, रंगावर जाऊ नका. कच्चे तुकडे कुत्र्याला अजिबात घालू नका. या डुकरांमधला एक विषाणू माणसाला काही करत नाही, पण कुत्रं त्याने जातं.

कोथरूड, पुण्याहून, रविवार दुपारी

प्रिय मंडळी,

दोन रात्री भोरला शेतावर होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. इंद्रायणी भात निसवलाय, दाणा दुधात भरतोय, आणि डुकरांना त्याचा वास आपल्याआधी लागतो.

अरे, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. इथे शिकारीला बसायचं नाही. मी बसत नाही आणि तुलाही बसू देणार नाही. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची वाट त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात आहे, पण त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी, कारणांसकट परवानगी लागते. ती परवानगी शेताच्या रक्षणासाठी असते, पाहुण्याच्या हौसेसाठी नसते. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारजमा होतं, त्याचा तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. आणि ज्या बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर नाही ती तू चालवलीस तर शस्त्र कायदा वेगळा लागेल. परवाना ज्याच्या नावावर आहे तो गावकरी अडकेल. तू पंधरा दिवसांनी विमानात बसशील, तो कोर्टाच्या तारखा करत राहील.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच आहे. टेक्सासचं डुक्कर माणसाने आणलेलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी गावठी डुकरं आणली, ती रानात सुटली. १९३० च्या दशकात काही रँचवाल्यांनी शिकारीसाठी युरोपातली रानटी डुकरं सोडली, दोन्हींचं रक्त मिसळलं. आज एकट्या टेक्सासात वीस लाखांहून जास्त आहेत. पोसलेलं पीक, ओढ्याचं पाणी, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, काही सोडत नाहीत. मादीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, आणि खायला भरपूर असलं की वर्षाला दोन वेतं. तिथे तुम्ही मारलंत तर त्या जमिनीवर उपकारच आहेत. आपलं डुक्कर त्याच जातीचं, पण इथलंच. पाठीवरच्या आयाळीवरून लगेच ओळखू येतं. सह्याद्रीच्या जाळीत बिबट्याचं अन्न आहे ते. जाळीतली डुकरं संपली तर बिबट्या कुणाच्या गोठ्याकडे वळेल ते जुन्नरच्या लोकांना विचार.

आता रँचबद्दल, कारण तिथे तू जाणारच आहेस.

मी २०१३ साली गेलो होतो, तिघा मित्रांबरोबर. खोपीत रात्री दहापासून बसलेलो. थर्मलमध्ये सगळं करडं दिसतं आणि त्यात जनावर पांढरंफेक उजळतं. आधी एक मादी आली, मागे सहा पिल्लं. ती गेली. साडेबाराला एकांडा नर आला, फीडरपासून दहा पावलांवर थबकला, नाक वर करून वारा घेत राहिला. डुकराची नजर मंद असते, नाक मात्र फसत नाही. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता. मी शरीराच्या मधोमध नेम धरला आणि बार काढला.

ती चूक होती. डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. मधोमध असतं पोट. नर ओरडला नाही, पडला नाही, सरळ मेस्कीटच्या जाळीत घुसला. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड, तेच काटे, तीच गच्च जाळी. बॅटरीच्या उजेडात रक्त मिळालं, त्यात हिरवट पाणी आणि मक्याचे चावलेले दाणे. वाटाड्याने ते दोन बोटांनी उचलून बघितलं आणि म्हणाला, आतड्यात लागलीय, आता आत शिरायचं नाही. जखमी नर अंधारात मुसंडी मारतो तेव्हा त्याचे सुळे माणसाच्या मांडीच्या उंचीवर येतात.

पहाटेपर्यंत आम्ही ट्रकमध्ये बसून राहिलो. कुणी झोपलं नाही, कुणी बोललं नाही. उजाडल्यावर वाटाड्याच्या कुत्रीने माग काढला. दोनशे पावलांवर कोरड्या ओढ्यात तो पडला होता, जिवंत. पुढच्या दोन पायांनी त्याने वाळू उकरून खळगा केला होता. वाटाड्याने एका गोळीत ते संपवलं. सहा तास ते जनावर माझ्यामुळे तसं पडून होतं, हे मी आजही विसरलेलो नाही.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्याची. १९७२ च्या आधीची गोष्ट. हाका निघायचा, आम्ही पोरं डबे वाजवत रानातून यायचो, आजोबा ओढ्याच्या तोंडाशी बसायचे. मांसाचे वाटे पळसाच्या पानावर पडायचे आणि ज्याचं पीक गेलं त्याच्या घरी पहिला वाटा जायचा. पण त्याच्याही आधीचा नियम असा, की जखमी जनावर रानात सोडून कुणी घरी जेवायला बसायचं नाही. एकदा आजोबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले होते, पायात काटे, अंगाला चिखल. मी तो नियम लहानपणी ऐकला होता. नेम कुठे धरायचा ते मात्र रँचवर जायच्या आधी नीट विचारलं नाही.

तेव्हा रायफल हातात घेण्याआधी रँचवाल्याकडून चित्रावर बोट ठेवून जागा समजून घे. जनावर पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत थांब. तिरकं असेल तर सोडून दे. नराच्या खांद्यावर चिवट, जाड कातडीची ढाल असते, हलक्या गोळीवर विसंबू नकोस. पिल्लं मागे असलेल्या मादीचं काय करायचं ते चौघं आधीच ठरवा, थर्मलला डोळा लावल्यावर नाही.

आणि तुझ्या एच-वन-बीवाल्या दोघा मित्रांचं. २०१९ च्या सप्टेंबरपासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. रँचवाला हेच सांगेल आणि राज्याच्या कायद्याने ते खरं आहे. पण केंद्राच्या कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक हाताळायची तर त्याच्याकडे शिकारीचं वैध लायसन्स असावं लागतं, किंवा दुसरी एखादी सवलत लागू व्हावी लागते. डुकरासाठी नको असलेलं लायसन्स त्यांना रायफलीला हात लावण्यासाठी हवं. त्यांनी ते काढल्याशिवाय खोपीत चढायचं नाही. तुझं आणि ग्रीन कार्डवाल्याचं तसं नाही.

– तुमचा जुना खजिनदार

डॅलसहून, रविवार रात्री

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. जखमी डुकराचं वाचून गलबलून आलं. तरीही एक बोलायचंय, कारण माझं माहेर तुमच्या भोरच्याच बाजूला आहे आणि भाऊ अजून शेती करतो.

परवानगीची वाट कायद्यात आहे हे खरं. पण मागच्या वर्षी माझ्या भावाचा सव्वा एकर भात एका रात्रीत गेला. पंचनाम्याला माणूस आला तोवर लोळलेल्या भाताला मोड फुटले होते. भरपाई मिळाली ती बियाणं आणि लावणीच्या मजुरीलाही पुरली नाही. परवानगीचा अर्ज केला तर एका टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. वहिनीच्या लग्नातल्या साड्यांसकट घरातल्या सगळ्या जुन्या साड्या आज बांधाला बांधलेल्या आहेत. आठवडाभर डुकरं बिचकली, मग साडीखालून शिरायला लागली.

शेजारच्या वाडीत एकाने वैतागून बांधावर थेट विजेची तार सोडली. तिला डुक्कर नाही लागलं. पहाटे पाणी बघायला निघालेला त्याचाच पुतण्या लागला. एकवीस वर्षांचा होता.

म्हणून इथे एसीत बसून कुणी डुक्कर वाचवा म्हणालं की मला राग येतो. तुम्ही तसं म्हणत नाही हे मला कळतं. पण भावाने करायचं काय?

कोथरूडहून, सोमवार

ताई, तुझा राग रास्त आहे. परवानगी वेळेत मिळत नाही आणि भरपाई तोकडी आहे, यात मला एक शब्दही खोडता येत नाही. अर्ज करायचा तर एकट्याने नको, ग्रामसभेचा ठराव जोडून गावाने करावा. नासाडी दिसली की त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची.

आमच्याकडे या वर्षी जे चाललंय ते सांगतो. आम्ही सहा घरांनी मिळून सौर झटका कुंपण घातलंय. बारा व्होल्टची बॅटरी, पण तारेत येतो तो क्षणभराचा ठोका. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. माणसाच्या जिवालाही सहसा धोका नसतो. सगळ्यात खालची तार जमिनीपासून एक वीत हवी, कारण डुक्कर शक्यतो उडी मारत नाही, ते नाक घालून खालून उचकटतं. पहिल्यांदा आम्ही तार गुडघ्याएवढी लावली आणि तिसऱ्या रात्री कळप खालून आत आला. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की ठोका जमिनीत उतरतो, म्हणून आठ दिवसांनी खालचं गवत कापावं लागतं. ते काम पाळीने ठरवलंय आणि ज्याची पाळी चुकली त्याच्याच बाजूने डुकरं आली, असं दोनदा झालं.

एवढं करूनही दाणा पिकायला लागल्यापासून कापणीपर्यंत राखण सुटत नाही. चार बांबूंचा माळा, वर पेंढा, बाजूला शेकोटी. रात्री दोन ते चार सगळ्यात वाईट. भावाला म्हणावं, एकदा येऊन कुंपण बघून जा. तारा कशा ताणल्यात, अर्थिंगचा गज कुठे ठोकलाय, सगळं दाखवतो. त्याच्या वाडीत चार घरं तयार झाली तर खर्च झेपण्याइतका होतो.

आणि अरे ऑस्टिनकर, तू दिवाळीत खुशाल ये. तेव्हा कापणी तोंडावर असेल आणि एका माणसाची राखणीला फार मदत होते. मित्रांनाही आण, बंदूक सोडून. स्वारगेटहून भोरची एसटी धर, उतरलास की फोन कर, मी स्टँडवर न्यायला येतो. पायात उंच बूट हवेत, बांधावर घोणस असते. स्वेटर आण. हातात धरायची लांब झोताची बॅटरी आण, आणि जमलं तर दोन, एक ताईच्या भावाला देऊ.